यूडोरा वेल्टी यांचा कॅमेरा

महोदय,

अमेरिकी कथाकार यूडोरा वेल्टी (१९०९–२००१) यांचा उल्लेख आपल्याकडे झालाच, तर १९७३च्या पुलित्झर पुरस्कारापुरता होतो; त्यांची छायाचित्रे मात्र दुर्लक्षित राहतात, हे खटकते. महामंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेच्या प्रसिद्धी विभागात नोकरी करताना त्या मिसिसिपी राज्यभर हिंडल्या आणि तेथील सामान्य माणसे, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रिया व मुले, त्यांनी दयेचा सूर न लावता टिपली. टोमॅटो पॅकिंगचे मजूर मधल्या सुट्टीत गिटारभोवती जमले आहेत, असे त्यांचे १९३६चे एक छायाचित्र आहे. त्यात गरिबी दिसते, पण त्याआधी माणसे दिसतात. त्याच वर्षी त्यांची पहिली कथा प्रसिद्ध झाली, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पुढे १९५०मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्थानकात कॅमेरा विसरल्यावर, स्वतःच्याच निष्काळजीपणावर चिडून, त्यांनी दुसरा घेतला नाही. ती छायाचित्रे पुस्तकरूपाने आली तीही थेट १९७१मध्ये. आपल्या साहित्य पुरवणीत त्यांच्या कथांबरोबरच या छायाचित्रांवरही सविस्तर लेख यावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक