खोक्यावर छापा: ‘या फोनला हेडफोनची पिन बसत नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलमधून हेडफोनचा जॅक काढावा की ठेवावा, या वादात दोन्ही बाजू आवाजाच्या दर्जावरच भांडत बसतात. एक म्हणते, तारेची सर ब्लूटूथला येत नाही. दुसरी म्हणते, जग पुढे गेले, तुम्ही तारेत अडकलात. मराठवाड्यातल्या बहुतेक गिऱ्हाइकांना या भांडणाचे काही देणेघेणे नाही. शे-दीडशेच्या इअरफोनवर ऐकणाऱ्याला तो फरक फारसा कळतही नाही. त्याची अडचण वेगळीच असते. नवा फोन घेतला, जुनी पिन बसेना, म्हणून चार्जिंगच्या टाइप-सी तोंडात बसणारा कन्व्हर्टर आणला, आणि तो लावूनही आवाज येत नाही. फोन चांगला, इअरफोन चांगला, कन्व्हर्टरही चांगला, तरी सगळे मुके. असे का होते ते दुकानदारालाही पुष्कळदा सांगता येत नाही, आणि खोक्यावर तर त्याबद्दल एक अक्षर नसते. म्हणून हे पत्र.

टाइप-सीच्या तोंडात २४ संपर्क असतात. त्यातून हेडफोनसाठी आवाज बाहेर काढायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्हींचे कन्व्हर्टर दिसायला सारखेच. पहिल्या वाटेत फोन तयार आवाजच बाहेर सोडतो. एरवी डेटासाठी असलेल्या दोन तारांवर डावी-उजवी बाजू जाते, माइक आणि ग्राउंड (सगळ्यांची सामाईक परतीची तार) शेजारच्या दोन राखीव संपर्कांवर. या कन्व्हर्टरमध्ये नुसत्या तारा असतात, चिप नसते. म्हणून तो स्वस्त. दुसऱ्या वाटेत फोन फक्त आकडे पाठवतो आणि त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, जिला डॅक म्हणतात, ती कन्व्हर्टरच्या पोटात असते. आता नुसत्या तारांचा कन्व्हर्टर घेतला आणि फोन निघाला आकडे पाठवणारा, की झाले. तो आयुष्यभर लावून ठेवला तरी बोलणार नाही. डॅकवाला मात्र दोन्ही जातींच्या बहुतेक फोनवर चालतो, त्यामुळे शंका असेल तिथे दोन पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

दुकानात ओळखायचे कसे? पाकिटावर काहीही लिहिलेले असो, कन्व्हर्टर टाइप-सी असलेल्या लॅपटॉपला लावून बघावा. साउंडच्या सेटिंगमध्ये नवे ऑडिओ उपकरण दिसले तर आत चिप आहे. काहीच हालचाल झाली नाही तर नुसत्या तारा. आणखी एक फसगत ओटीजीची, म्हणजे फोनला बाहेरचे उपकरण जोडू देणाऱ्या सोयीची; डॅकवाल्या कन्व्हर्टरला ती लागते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन हाताने चालू करावे लागते आणि दहा मिनिटे काही लावले नाही की ते आपोआप बंद होते. सकाळी चाललेला कन्व्हर्टर संध्याकाळी ‘खराब’ होतो तो पुष्कळदा यामुळे. आयफोनसाठी निघालेला डॅकवाला कन्व्हर्टर काही अँड्रॉइड फोनवर लागतो, पण आवाज दबका येतो. तोही बिघाड नव्हे, त्या जोडीचे जमत नाही एवढेच.

यात गंमत अशी की डॅक प्रत्येक फोनमध्ये असतोच. त्याशिवाय फोनचा स्पीकर तरी कसा वाजणार? जॅक काढला म्हणजे त्या चिपकडे जायचे दार बुजवले आणि गिऱ्हाइकाला दुसरी चिप बाहेरून विकत घ्यायला लावली.

कंपन्या कारणे देतात ती जागेची आणि पाण्याची. जागेचे कारण अगदीच खोटे नाही. साडेतीन मिलिमीटरची पिन १४ मिलिमीटर लांब असते, तेवढी खोल नळी फोनच्या पोटात घालायची तर बॅटरीला थोडी जागा कमी पडते. पण जॅकमुळे फोन पातळ होत नाही, हे पटत नाही. २०१४ चा विवो एक्स५ मॅक्स ४.७५ मिलिमीटर जाडीचा होता आणि त्याला जॅक होता. पाण्याचे कारण तर त्याहून पोकळ. अॅपलने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून जॅक काढला. त्याच वर्षी, त्याच्या आधी काही महिने, सॅमसंगचा गॅलॅक्सी एस७ जॅक ठेवून आयपी६८ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाण्याला दाद न देणारा, आला होता. पुढे २०१९ मध्ये सॅमसंगनेही नोट १० मधून जॅक काढला, तेव्हा पाणी आडवे आले होते असे म्हणता येणार नाही. आयफोनच्या खोक्यात सुरुवातीला कन्व्हर्टर फुकट मिळायचा, तो २०१८ पासून बंद. २०२३ मध्ये आयफोन १५ टाइप-सीवर गेला आणि आधीच्या लाइटनिंग तोंडाचे सगळे कन्व्हर्टर नव्या फोनपुरते अडगळीत गेले. १९७९ च्या वॉकमनला लागणारी पिन मात्र आज जॅक असलेल्या कुठल्याही फोनला लागते.

दुरुस्तीचा हिशेब गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून तो जरा सविस्तर. तारेचा इअरफोन बहुतेक वेळा पिनेच्या मानेपाशी तुटतो, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे येतो. तिथून तार दोन सेंटिमीटर मागे कापायची, नवी चार कड्यांची पिन घ्यायची आणि डाग (सोल्डर) द्यायचे. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत वॉर्निश असते. ते काढल्याशिवाय कथील धरत नाही. लायटरने पटकन जाळावे किंवा सोल्डरिंगच्या टोकावर कथलाचा थेंब आणि फ्लक्स घेऊन तार त्यात दोन-तीन सेकंद बुडवावी. लाल तार उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची बहुधा ग्राउंड, उरलेली माइकची. रंगावर पूर्ण भरवसा मात्र नको, मीटर लावून खात्री करावी. पिनेच्या टोकाला डावी, पहिल्या कड्याला उजवी, दुसऱ्याला ग्राउंड, बुडाला माइक. जुन्या काही इअरफोनमध्ये शेवटची दोन उलटी असतात. तसा इअरफोन आजच्या फोनला लावला तर आवाज पोकळ येतो आणि माइकचे बटण दाबून धरले की एकदम नीट होतो, कारण ते बटण माइक आणि ग्राउंड एकत्र जोडते. हा इअरफोन फेकू नये, त्या दोन तारांची अदलाबदल केली की काम होते.

टाइप-सी पिनेच्या इअरफोनला यातले काहीच करता येत नाही. चिप अनेकदा पिनेच्या प्लॅस्टिकमध्येच ओतलेली असते, मान तुटली की चिपही गेली. जॅक खराब झाला तर फोनचा एक कान जातो, बाकी फोन चालू राहतो. टाइप-सीच्या तोंडातली मधली पातळ जीभ मोडली तर गाणेही जाते आणि चार्जिंगही. अंथरुणात कुशीवर झोपून, पिन उशीवर दाबून ऐकणाऱ्यांच्या फोनची ही जीभ लवकर ढिली होते. ते तोंड वेगळ्या चार्जिंग बोर्डावर असेल तर बोर्ड बदलून भागते. मुख्य बोर्डालाच डागलेले असेल तर हॉट एअरने काढावे लागते आणि खर्च कुठच्या कुठे जातो. फोन घेताना हे कोणी विचारत नाही.

आता आपल्याकडचा खास शत्रू: कापूस. वेचणीच्या दिवसांत, जिनिंगच्या आसपास आणि एरवीही खिशातल्या कापडाचे तंतू जॅकमध्ये आणि टाइप-सीत जातात, आणि पिन घालताना प्रत्येक वेळी आणखी ठासले जातात. जॅकच्या तळाशी असा बोळा बसला की पिन पूर्ण आत जात नाही. मग एक विचित्र गोष्ट घडते: गाण्यातला गायक गायब होतो, मागची पेटी आणि टाळ तेवढे विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. गिऱ्हाइकाला वाटते स्पीकर फाटला. प्रत्यक्षात दोन्ही कानांचा ग्राउंड एकच असतो. तो सुटला की डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तेवढा कानापर्यंत पोहोचतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. बोळा काढला की गायक परत येतो.

काढताना फोन बंद करावा, बांबूची काडी टोकाशी चपटी तासून कडेकडेने फिरवावी. सुई-टाचणी नको, जॅकमधली पत्तीची स्प्रिंग वाकते आणि टाइप-सीत संपर्क एकमेकांना भिडतात. तोंडाने फुंकूही नये, वाफ आत जाते. जॅक गेला म्हणून हा त्रास गेला असे कोणी समजू नये. टाइप-सीत ओल किंवा मळ साचून काय जोडले आहे ते ओळखणारे दोन संपर्क ग्राउंडला लागले, तर काहीही न लावता फोन हेडफोनचे चिन्ह दाखवतो आणि स्पीकर मुका होतो. दुखणे तेच, फक्त आता ते चार्जिंगच्या तोंडात आले.

ब्लूटूथला नावे ठेवायची नाहीत. ट्रॅक्टरवर, स्वयंपाकघरात, चालताना तार नसलेली बरीच. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. फोनवर बोलताना माइक चालू झाला की साधे ब्लूटूथ बड्स गाण्याचा रस्ता सोडून कॉलच्या अरुंद रस्त्यावर येतात, जिथे आवाजाचे सेकंदाला ८ हजार किंवा फार तर १६ हजार नमुने घेतले जातात (गाण्याला ते ४४ हजारांच्या वर असतात). ऑनलाइन वर्गात प्रश्न विचारायला माइक उघडला की सरांचा आवाज डब्यातून येऊ लागतो तो यामुळे. दुसरे म्हणजे उशीर. ध्वनिमुद्रित व्याख्यान बघताना तो जाणवत नाही, कारण व्हिडिओचे अॅप चित्रही तेवढेच मागे ठेवते. गेम, तबल्याचे अॅप, पेटीचे अॅप यांना ही सवलत नसते. बोट आधी पडते आणि बोल मागून येतो. रियाज करणाऱ्याने तारच वापरावी. शिवाय एकेका बडमध्ये साधारण ३० ते ६० एमएएचचा इवलासा सेल चिकटवलेला असतो. दोन-तीन वर्षांत तो थकला की बदलायची सोय जवळपास नाहीच, आख्खा संच कचऱ्यात. लातूरला खोली करून राहणाऱ्या पोराला दर दोन वर्षांनी बड्स घे म्हणणे सोपे आहे, पैसे गावाकडून येतात.

कीर्तनाचे, शेतीचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी एक सूचना. कॅमेऱ्याचा कॉलर माइक तीन कड्यांचा असतो, फोनला चार कड्यांचा लागतो. तीनचा माइक कन्व्हर्टरमधून लावला तर फोन त्याला नुसता हेडफोन समजतो आणि स्वतःच्याच माइकवर रेकॉर्डिंग करतो. ऐकून बघितल्याशिवाय ते लक्षातही येत नाही.

जॅकबरोबर एफएम रेडिओही गेला, त्याची चर्चा फार कमी झाली. एफएमची लहर साधारण ३ मीटरची, तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे पाऊण मीटर तार अँटेना म्हणून पुरते, आणि फोनमध्ये ते काम इअरफोनची तार करायची. ब्लूटूथ बडला तार कुठली? नांदेड, बीड, धाराशिवची आकाशवाणी एफएमवर लागते. (मध्यम लहरींवरचे परभणी केंद्राचे प्रक्षेपण फोनमध्ये कधीच लागत नव्हते, त्याचा दोष जॅकला देऊ नये.) फोनमधला एफएम बंद करू नका, अशी सूचना केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये उत्पादकांना दिली, त्यात आपत्तीच्या काळाचा उल्लेख होता. पण चिप चालू ठेवली आणि अँटेनाची जागाच ठेवली नाही तर ती सूचना कागदावरच राहते. अतिवृष्टीत वीज आणि टॉवर दोन्हींचा भरवसा नसतो.

जॅक परत आणा, अशी मागणी या पत्रात नाही. स्वस्त फोनांत तो अजून सापडतो, ज्याला हवा त्याने तसा फोन घ्यावा. मागणी छपाईची आहे. खोक्यावर आयएमईआय असतो, किंमत असते, आत काय काय आहे ते असते. त्यातच तीन ओळी वाढवाव्यात: साडेतीन मिलिमीटरचा जॅक आहे की नाही; टाइप-सीतून तयार आवाज येतो की डॅकवाला कन्व्हर्टर लागतो; एफएम आहे का आणि असल्यास अँटेना कोणता. कन्व्हर्टरच्या पाकिटावरही ‘चिपसह’ किंवा ‘चिपशिवाय’ एवढा शब्द मराठीत हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूची गुणवत्ता, क्षमता आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानतो. मग शाईचे तीन थेंब जड का व्हावेत? ग्राहक पंचायतींनी आणि जिल्हा ग्राहक परिषदांनी हा विषय घ्यावा. कन्व्हर्टर ‘सर्व फोनला चालेल’ असे छापून विकला आणि चालला नाही, तर पाकीट आणि बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

छापील ओळी येईपर्यंत फोन घ्यायला जाताना घरातला तारेचा इअरफोन खिशात टाकून न्यावा. बिल करण्याआधी कन्व्हर्टर त्याच फोनला लावून एक गाणे वाजवावे, मग त्याच इअरफोनच्या माइकवरून दुकानातूनच घरी एक कॉल करावा आणि पलीकडच्याला आवाज कसा येतो ते विचारावे. गाणे वाजते पण माइक चालत नाही, असे कन्व्हर्टर बाजारात ढिगाने आहेत.

आपला,
मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक, परभणी