बोटॅलॅकच्या कड्यावर भेटलेल्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला, बोटॅलॅकच्या समुद्रकड्यावर आमचं मराठी कानावर पडलं म्हणून तुम्ही थांबलात. निघायच्या घाईत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

लाटांच्या अगदी वर, खडकात रोवलेली ती दोन दगडी इंजिनघरं पाहायला आम्ही आलो होतो. खालचं १८३५ चं, खाणीतलं पाणी उपसणारं. वरचं १८६२ चं, समुद्राखाली तिरक्या गेलेल्या बोगद्यातून माल ओढून काढणारं. कथील आणि तांबं निघायचं तिथे. आजूबाजूला गुलाबी फुलांचे ताटवे, खाली निळंशार पाणी. पण वाट उताराची आणि बाबांचा गुडघा दुखरा. त्यांना एकटं सोडवेना. तुम्ही म्हणालात, "मी बसते काकांजवळ. तुम्ही लेकीला खाली नेऊन आणा."

तासाभराने वर आलो, तर बाबा बोलत होते!

बाबा चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत अठ्ठावीस वर्षं जमिनीखाली राबले, पण घरी त्याबद्दल चकार शब्द नाही. "पाळी सुटली, वाढ जेवायला," एवढंच. तुम्ही त्यांना सांगितलंत, की समुद्रतळाखाली खोदणाऱ्या इथल्या माणसांना वादळात डोक्यावर धोंडे गडगडताना ऐकू यायचे. त्यावर बाबांनी काठी पडक्या भिंतीवर ठोकून दाखवली. खाणीचं छत असंच ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर काम, पोकळ वाजलं तर मागे फिरायचं. एकदा त्यांचा जोडीदार फिरला नाही. त्याचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

मग तुम्ही शेजारच्या लेव्हंट खाणीचं सांगितलंत. २० ऑक्टोबर १९१९ ला माणसांना वर आणणारं यंत्र तुटलं, ३१ जण गेले. बाबांनी विचारलं, "पाळी सुटून येत होते का?" तुम्ही हो म्हणालात. बाबांनी टोपी काढली.

ताई, त्यांच्या कामाबद्दल तुम्ही विचारलंत. मी त्यांची मुलगी, मला कधी सुचलं नाही. मनापासून आभार.

बाबा आता चंद्रपूरला परतलेत. रविवारी फोनवर नातीला खाणीतली एखादी गोष्ट सांगतात आणि फोन ठेवता ठेवता मला विचारतात, "त्या पोरीचा पत्ता लागला का गं?"

तुमची,
एका खाणकामगाराची लेक