मोर दिसला म्हणून भारतीय ठरवलेल्या काचपात्राबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या काचपात्राचा चुकीचा अहवाल व शुल्क परतावा.

महोदय,

आपल्या प्रतिनिधीने आज दुपारी माझे बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून हे लेखी कळवत आहे. नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाड्यातील वस्तूंची वाटणी व्हायची असल्यामुळे, साच्यात दाबून घडवलेल्या पांढऱ्या अपारदर्शक काचेच्या एका लांबट पात्राची मापे आणि तळाच्या खुणांची छायाचित्रे, ते पात्र कशाचे व कुठले हे ओळखून घेण्यासाठी, मी पूर्ण शुल्क आगाऊ भरून आपल्याकडे पाठवली होती. आपला अहवाल ‘चिनी मातीची साबणदाणी, निर्माता अज्ञात, बहुधा भारतीय’ एवढ्यावर आटोपला आहे.

पात्रावर साच्याच्या जोडाची रेघ स्पष्ट दिसते. तळाशी मोराच्या डोक्याची खूण आहे, आणि ती इंग्लंडमधील गेट्सहेड येथील सोवर्बी या काचकारखान्याची आहे, हे आपल्या तज्ज्ञांना मी सांगावे लागू नये. शेजारी शंकरपाळ्याच्या आकाराची, वस्तूच्या नमुन्याच्या (डिझाइनच्या) ब्रिटिश नोंदणीची खूण आहे. ती १८४२ ते १८८३ या काळात वापरात होती. तिच्या माथ्यावरील वर्तुळातला रोमन तीन हा काचेचा वर्ग दाखवतो आणि उजव्या कोपऱ्यातील ‘पी’ हे अक्षर १८६८ नंतरच्या मांडणीप्रमाणे १८७७ हे नोंदणीचे वर्ष सांगते. अर्थात हे वर्ष नमुन्याचे आहे, प्रत्यक्ष पात्र त्यानंतरही घडवलेले असू शकते. पण एवढा बारकावा आपल्या अहवालाकडून अपेक्षिणे म्हणजे फारच झाले.

हे सारे मी फोनवर शांतपणे सांगितले, तेव्हा आपले प्रतिनिधी म्हणाले, “सर, मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, म्हणजे वस्तू इंडियनच असणार ना?” मोराला राष्ट्रीय पक्षी १९६३ मध्ये घोषित केले, असे मी म्हणताच त्यांनी मला थांबायला सांगितले, बराच वेळ संगीत ऐकवले आणि परत येऊन विचारले, “आपण नागपूरचे ना? मग तिथल्या अजब बंगल्याच्या म्युझियममध्ये का नाही दाखवत?” अजब बंगल्याने माझ्याकडून शुल्क घेतलेले नाही, महोदय, ते आपण घेतले आहे. हेच मी त्यांना म्हणालो, आणि फोन बंद झाला.

साबणदाणीबद्दलही लिहिणे भाग आहे. पात्र इतके अरुंद आहे की त्यात साबणाची वडी आडवी बसत नाही, आणि पाणी निथळायला तळाला ना भोक आहे ना उंचवटे. जेवणाच्या टेबलावर आखूड देठांची फुले मांडण्यासाठीचे हे पात्र आहे. अशी सरळ व वळणदार पात्रे एकमेकांना जोडून फुलांची रचना केली जात असे. मोराची खूण तळाशी आहे, हे पुन्हा एकदा नमूद करतो, कारण छायाचित्र कोणी उघडल्याचे दिसत नाही.

आपल्या नावावर विश्वास ठेवून मी भावंडांना या अहवालासाठी थांबवून ठेवले होते, आणि आता तो त्यांना दाखवण्याची सोय राहिलेली नाही. पंधरा दिवसांत संपूर्ण शुल्क परत करावे आणि हा अहवाल लेखी रद्द करावा. अन्यथा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी अहवाल व छायाचित्रांसह दाद मागेन. सवलतीचे कूपन पाठवू नये.

आपला,
एक ग्राहक, महाल, नागपूर