खून न केलेले दोन शाळासोबती

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

शनिवारी इथे पॅरिसमध्ये लाबिश या फ्रेंच नाटककाराचा एक जुना फार्स पाहिला, ‘रू द लुर्सिनचं प्रकरण’. १८५७ मध्ये पाले-रोयाल थिएटरात पहिल्यांदा झालेली एकांकिका. तुम्ही शेजारी हवे होतात.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं वार्षिक जेवण झोडून लांग्ल्युमे सकाळी घरी जागा होतो. डोकं जड, रात्रीचं काही म्हणजे काही आठवत नाही. आणि पडद्याआड त्याच्याच बिछान्यात कोणीतरी घोरतंय! तो निघतो मिस्तँग, त्याच शाळेचा. झालं, लगेच गळ्यात गळे. एवढ्यात लक्षात येतं की दोघांचे हात कोळशाने काळे. खिशातून बाईचा जोडा निघतो. वर्तमानपत्रात बातमी: रू द लुर्सिन या रस्त्यावर कोळसेवालीचा खून. दोघांची खात्रीच पटते की तो आपणच केला.

मला थक्क केलं ते यानेच. ‘छे, मी आणि खून?’ असं एकजणही म्हणत नाही! दोघे घाबरतात ते फक्त पकडले जाण्याला. मग साक्षीदार संपवायचे बेत, आणि शेवटी एकमेकांचाच काटा काढायची तयारी. प्रेक्षक खदाखदा हसत होते, मीही हसलो, पण मधेच अंगावर काटा आला. काळे हात बायकोपासून लपवताना त्या नटाने नुसतं पाठमोरं उभं राहून जो पॉज घेतला, तो तुम्ही पाहायला हवा होता. एक शब्द नाही, आणि थिएटर डोक्यावर!

शेवटी कळतं, वर्तमानपत्र वीस वर्षांपूर्वीचं होतं. ही सोडवणूक मला जरा सोपी वाटली, पण तोवर माणसं इतकी उघडी पडलेली असतात की तक्रार कोण करणार?

तुमच्या मंडळाने बसवावी असं मनापासून वाटतं. पात्रं पाचच: ते दोघे, बायको, नोकर आणि एक चुलतभाऊ. एकच सेट. मधेमधे गाणी आहेत, त्या काळच्या ओळखीच्या चालींवर बांधलेली. ती कापू नका, आपल्याकडच्या चाली घ्या. आणि मिस्तँग तुम्हीच करा, लांग्ल्युमे दुसऱ्या कोणाला द्या. घोरण्याची तालीम तुम्हाला लागायची नाही, आईला विचारा.

भाषांतराला मी बसतोय. पहिला प्रवेश पुढच्या पत्राबरोबर पाठवतो. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ