रडतराऊत नेमके कोण?

रविवारच्या पुरवणीतील सकारात्मक विचारांवरील लेखात पुनर्विकासाला हरकत घेणाऱ्या सभासदांना सरसकट 'रडतराऊत' म्हटले आहे, ते पटले नाही. राऊत म्हणजे घोडेस्वार. मूळ संस्कृत 'राजपुत्र', प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आलेला; आडनावातही तोच टिकून आहे. स्वारीवर निघायचे ठरले आहे, घोड्यावर मांडही टाकली आहे आणि गडी मात्र रडतोय, असे ते चित्र. म्हणजे रोख आहे तो पत्करलेले काम रडतखडत करण्यावर, निघण्याआधी शंका विचारण्यावर नव्हे. विकासकाची बँक हमी कुठे आहे, भाडे थकले तर काय, असे सभेत उठून विचारणारा सभासद यात बसतच नाही. बसतात ते सभेत माना डोलावून सही करणारे आणि नंतर जिन्यात कुरकुरणारे. त्यांची वाण कुठल्याच सोसायटीत नसते! लेखकाला निव्वळ 'नाही' म्हणणारेच अभिप्रेत असतील, तर त्यांच्यासाठी 'नकारघंटा' हा चांगला शब्द आहे. फक्त हमीचा कागद मागणे हा नकार कसा ठरतो, हेही मग त्यांनी सांगावे.

– एक वाचक, ठाणे