काका, गुग्गुळ जगला

काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आई रोज दिवेलागणीला तुळशीपुढं गुग्गुळाची धुरी करते. तिच्याच हट्टानं आम्ही गुग्गुळाचं रोप आणलं. विकणाऱ्यानं "रोज पाणी घाला" एवढंच सांगितलं आणि पैसे मोजून घेतले. मार्चमध्ये पानं झडली, काटेरी काटक्या तेवढ्या उरल्या. फोन केला तर म्हणाला, "मेला असेल, दुसरा घेऊन जा." आई दोन दिवस अंगणात फिरकली नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुमच्याशी सहज बोलणं झालं आणि रविवारी तुम्ही बस पकडून थेट घरी आलात. कुंडीपाशी उकिडवे बसलात. कागदासारखी सुटलेली साल बाजूला केलीत, पण फांदी स्वतः खरवडली नाहीत. "वहिनी, तुमच्या नखानं बघा," म्हणत आईला खाली बसवलंत. तिच्या नखाखाली ओलं हिरवं दिसलं. बोट नाकाशी नेऊन ती कितीतरी वेळ तशीच बसली होती. काका, तो क्षण मी विसरणार नाही.

उन्हाळ्यात हे झाड पानं टाकतं, एवढं साधं कुणी आधी सांगितलं असतं तर! हे कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळाचं झाड, आणि आपल्याकडे गोव्यात वर्षाला पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास. माती बदलून, वाळू आणि जांभ्याची खडी घालून तुम्ही कुंडी पत्र्याखाली ठेवायला लावलीत.

मी उतावीळपणे झाडाचा चीक, म्हणजे वाळल्यावर धुरीला लागतो तो गुग्गुळ, कधी काढायचा ते विचारलं. "सात-आठ वर्षं हात लावायचा नाही," म्हणालात. चिकाच्या हव्यासानं खोल खाचा मारून तिकडची रानातली झाडं माणसांनी संपवत आणली, हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. आईला थायरॉईडची गोळी आहे हे कळल्यावर बजावलंत, गुग्गुळ शुद्ध केल्याशिवाय पोटात जात नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर घ्यायचाच नाही. स्वतःचा काही फायदा नसताना समोरच्याची इतकी काळजी करणारी माणसं आजही आहेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जूनमध्ये पालवी फुटली. पानं तीन-तीन दलांची, कडेला बारीक दाते. आईनं पहिलं पान मला दाखवायच्या आधी तुमची आठवण काढली. चतुर्थीला नेवऱ्या करणार आहे ती, तुमचा डबा वेगळा काढून ठेवायचं आत्ताच ठरवलंय. यायचंच, काका.

तुमचा,
डिचोलीचा पुतण्या