गुडघ्याचा शून्य कोणी ठरवला?

संपादक महोदय,

चालताना पायाच्या सांध्यांचे कोन अंगावर बांधलेल्या सेन्सरने मोजण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कॅमेऱ्यांनी वेढलेल्या प्रयोगशाळेतून ही तपासणी बाहेर पडली याचा मला, फिजिओथेरपिस्ट म्हणून, आनंदच आहे. मात्र ‘सेन्सर गुडघ्याचा अचूक कोन सांगतो’ हे लेखातील विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

सेन्सरला गुडघा दिसत नाही. सेन्सरची एक डबी मांडीवर आणि दुसरी नडगीवर बांधतात. प्रत्येक डबी फक्त स्वतःचा कल सांगते आणि त्या दोहोंतील फरकाला आपण गुडघ्याचा कोन म्हणतो. आतला जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो आणि त्याची क्षणाक्षणाला बेरीज करून कोन काढला जातो. पण वेगातली बारीकशी चूकही त्या बेरजेत साचत जाते. तो आकडा ताळ्यावर आणण्यासाठी डबीतल्याच त्वरणमापकाने (वेगातला बदल मोजणाऱ्या भागाने) दाखवलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेचा आधार घेतात, तर टाच जमिनीवर आदळते त्या क्षणी नेमकी तीच दिशा बिघडते. या दोहोंचा मेळ घालणारी गणिते आता चांगली रुळली आहेत, तेव्हा ही अडचण मी फार ताणत नाही.

माझा आक्षेप आहे तो शून्याबद्दल. डब्या बांधल्यावर रुग्णाला काही सेकंद ताठ उभे करतात आणि त्या वेळी गुडघा ० अंशावर आहे असे बहुतेकदा धरून चालतात. ज्यांचा गुडघा पूर्ण सरळच होत नाही, त्यांच्या बाबतीत हे गृहीतक पहिल्या पावलाआधीच चुकलेले असते. माझ्याकडे आलेल्या एका आजींच्या अहवालात, पाऊल पुढे टाकताना गुडघा ४६ अंश वाकतो, अशी नोंद होती. निरोगी चालीत तो सुमारे ६० अंश वाकतो, हे कुणीतरी सांगितल्याने त्या धास्तावल्या होत्या. साधा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचे हातातले साधन) लावला, तर नुसते उभे असतानाच त्यांचा गुडघा १२ अंश वाकलेला निघाला. म्हणजे चालतानाचा खरा आकडा ५८ च्या जवळपास होता. उणीव वाकण्यात नव्हती, सरळ होण्यात होती, आणि तीच अहवालाने शून्य म्हणून पुसून टाकली होती. आजी मात्र महिनाभर गुडघा वाकवण्याचेच व्यायाम करत होत्या.

मांडीचे मांस हलते, पट्टा घसरतो, यानेही फरक पडतो. आणि पायाचे आत-बाहेर वळणे मोजताना हे आकडे पुढे-मागे वाकण्याच्या आकड्यांइतके भरवशाचे नसतात. म्हणून अशा प्रत्येक अहवालात शून्य कोणत्या स्थितीत धरला आणि त्या वेळी गोनिओमीटरने गुडघा किती अंशांवर होता, या दोन नोंदी आलेखाच्या वरच छापल्या जाव्यात. गोनिओमीटर लावायला मिनिटभरही लागत नाही.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक